ट्यूबच्या टोकावरचा आकडा

सनबेड म्हणजे त्वचा रापवून घेण्यासाठी आत झोपायची अतिनील दिव्यांची पेटी. तिची ट्यूब हातात घेतली तर ती घरातल्या ट्यूबलाइटपेक्षा फारशी वेगळी वाटत नाही. साधारण पावणेदोन मीटर लांबी, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या, टोप्यांना दोन-दोन पिना. आतला संसारही तोच: टोकांना फिलामेंट, चिमूटभर पारा आणि काचेला आतून पांढऱ्या पावडरीचा थर. पेटवायला चोक आणि स्टार्टर लागतात, तेही ओळखीचे. फरक आहे तो पावडरीत आणि काचेत. पाऱ्याच्या वाफेतून वीज गेली की २५४ नॅनोमीटरचे अतिनील किरण निघतात. घरातल्या ट्यूबची पावडर ते गिळून दिसणारा उजेड देते. सनबेडच्या ट्यूबमधली पावडर, उदाहरणार्थ शिसं मिसळलेलं बेरियम सिलिकेट, तेच गिळून ३५० नॅनोमीटरच्या आसपासचे किरण बाहेर टाकते. हा यूव्हीए, म्हणजे लांब लहरींचा अतिनील. काच कोणत्या जातीची आणि किती जाड आहे, यावर त्यात यूव्हीबी, म्हणजे आखूड लहरींचा अतिनील, किती मिसळतो ते ठरतं. डोळ्यांना मात्र फिकट निळसर उजेडाखेरीज काही दिसत नाही.

टोपीजवळ काचेवर बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली असते: १००-आर-४७/३.२ असं काहीतरी. पहिला आकडा वॅटचा. अक्षर रिफ्लेक्टरचं, म्हणजे ट्यूबच्या पाठीला आतून चकाकी दिली आहे का आणि ती किती घेरात, हे सांगणारं. तिरप्या रेघेच्या अलीकडचा आकडा म्हणजे त्वचा लाल करण्याच्या ताकदीने तोललेला एकूण मारा, पलीकडचा म्हणजे कर्करोगाच्या हिशेबाने आखूड लहरींचं लांब लहरींशी प्रमाण. युरोपातल्या नियमांप्रमाणे यंत्रावरही पट्टी असते आणि तिच्यावर या आकड्यांची हद्द लिहिलेली असते. बदललेली ट्यूब त्या हद्दीत बसली पाहिजे. सनबेडवरचे वाद बहुतेक वयाभोवती आणि ‘ज्याची त्याची मर्जी’ या शब्दांभोवती फिरतात. कारभार सगळा या ओळीवर चालतो, आणि आत झोपणारा ती कधीच वाचत नाही.

थोडा हिशेब करू. युरोपीय मानकात सनबेडच्या माऱ्याची कमाल मर्यादा दर चौरस मीटरला ०.३ वॅट आहे, त्वचा लाल करण्याच्या तोलाने मोजलेली. हवामान खात्यांचा यूव्ही निर्देशांक याच मोजमापाला ४० ने गुणून काढतात. म्हणजे ०.३ वॅट म्हणजे निर्देशांक १२: विषुववृत्ताजवळच्या भर दुपारच्या उन्हाच्या तोडीचा, ‘अत्यंत तीव्र’ या शेवटच्या पायरीवरचा. तेवढ्या माऱ्याखाली दर चौरस मीटरला १०० जूल ही प्रमाण मात्रा भरायला ३३३ सेकंद लागतात, साडेपाच मिनिटं. पहिल्या बैठकीची मर्यादा मानकात याच १०० जुलांची आहे, आणि दुसऱ्या बैठकीआधी ४८ तास जायला हवेत. अगदी गोरी, कधीही न रापणारी त्वचा सुमारे २०० जुलांना लाल होते. सरळ वीस मिनिटं लावली तर ३६० जूल होतात. हे झालं नियम पाळणाऱ्या यंत्राचं.

२०१३ मध्ये इंग्लंडमधल्या ४०२ सनबेडची मोजणी प्रसिद्ध झाली. दहातले नऊ मर्यादेच्या वर होते, आणि सरासरी मारा ०.५६ वॅट होता. म्हणजे निर्देशांक २२. पृथ्वीच्या पाठीवर उन्हाळ्यात समुद्रकिनारी कुठेही हा आकडा भेटत नाही. अशा यंत्रात १०० जूल तीन मिनिटांत भरतात. भिंतीवरच्या तक्त्यात मात्र ‘पहिल्यांदा सहा मिनिटं’ असं लिहिलेलं असू शकतं, आणि तक्ता लिहिणाऱ्याने लबाडी केलेली असेलच असंही नाही. त्याने तो दुसऱ्या ट्यूबसाठी लिहिलेला असतो.

आणखी एक मेख या ‘तोला’तच आहे. लाल होण्याच्या हिशेबात ३०० नॅनोमीटरच्या आसपासच्या किरणांना पूर्ण किंमत, तर ३४० च्या किरणांना जेमतेम हजारावा भाग. त्यामुळे यूव्हीए कितीही ओतला तरी मोजमापाचा काटा जेमतेम हलतो. ताकदवान यंत्रांमध्ये यूव्हीए भर दुपारच्या उन्हाच्या दहा ते पंधरा पट असू शकतो. त्वचा लाल झाली नाही म्हणून काही झालं नाही, हा समज इथूनच जन्मतो.

आता बिघाड कुठे होतात ते बघू. ट्यूबचं आयुष्य साधारण ५०० ते १००० तासांचं. तोवर मारा सुमारे तीस टक्क्यांनी उतरलेला असतो. त्यामुळे नेहमीच्या गिऱ्हाइकाने वेळ वाढवत नेलेली असते. पंधराची वीस मिनिटं झालेली असतात. मग एका सकाळी सगळ्या ट्यूब बदलल्या जातात. त्या दिवशी त्याच वीस मिनिटांनी तोच माणूस भाजून निघतो. नव्या ट्यूब घातल्यावर वेळ खाली आणायची, हे पुस्तकात लिहिलेलं असतं. ते काउंटरवर बसलेल्या व्यक्तीपर्यंत पोचलेलं असेलच असं नाही. सगळ्या एकदम न बदलता मेलेल्या तेवढ्याच बदलल्या तर अंगावर पट्टे उठतात. पाठीखालच्या अॅक्रिलिकच्या पत्र्याचंही तसंच. हे अॅक्रिलिक अतिनील किरण सोडणाऱ्या खास जातीचं असतं आणि ते कालांतराने अंधुक होतं. जुन्या पत्र्यावर बेतलेली वेळ नव्या पत्र्याला जास्त पडते. चेहऱ्यासाठी बसवलेले उच्च दाबाचे दिवे वेगळ्या जातकुळीचे. त्यांच्यापुढे निळसर काचेचा फिल्टर असतो आणि तो आखूड लहरी अडवतो. त्याला तडा गेला असताना दिवा लावला तर काही मिनिटांत त्वचा आणि डोळे दोन्ही भाजतात. तडकलेला फिल्टर दिसला की यंत्र बंद करायचं, ‘आजचं भागवून घेऊ’ नाही. आणि पंख्यांचा गार झोत? तो दिव्यांची उष्णता नेतो, अतिनील मारा तेवढाच राहतो. गार वाटतंय म्हणून कमी लागतंय असं समजणारे पुष्कळ.

चालू असलेल्या औषधांचाही प्रश्न असतो. डॉक्सीसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, रक्तदाबासाठीची थायाझाइड, मुरुमांसाठीची रेटिनॉइड, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन: यांपैकी काहीही चालू असेल तर वर केलेला सगळा हिशेब मोडतो आणि थोड्या मात्रेतही त्वचा पोळते. बर्गामोट तेल असलेलं अत्तर लावून झोपलं तर जिथे थेंब ओघळला तिथे तपकिरी ओघळ महिनोन्‌महिने राहू शकतो.

मराठीत या सगळ्याला ‘रापणं’ हा नेमका शब्द आहे. उन्हातान्हात राबलेल्या कातडीचा रंग, असा त्याचा पोत. त्वचा रापते कशी हे समजलं की ‘सुरक्षित टॅन’ हे शब्द एकमेकांशेजारी ठेवणं जड जातं. बैठकीनंतर लगेच दिसणारा करडा-तपकिरी रंग म्हणजे त्वचेत आधीच असलेल्या मेलॅनिन या रंगद्रव्याचं यूव्हीएने झालेलं ऑक्सिडीकरण. तो काही तासांत बराचसा उतरतो. त्याला ऑक्सिजन लागतो, म्हणून जिथे शरीराचं वजन पत्र्यावर दाबलेलं असतं, खांद्याच्या पात्यांवर, कुल्ह्यांवर, तिथे रक्त कमी पोचतं आणि फिकट चकत्या राहतात. नेहमी सनबेड वापरणाऱ्यांची पाठ बघितली की या चकत्या ओळखू येतात. टिकणारा रंग दोन-तीन दिवसांनी येतो आणि त्याचा रस्ता वेगळा आहे. अतिनील किरण त्वचेच्या पेशींतल्या डीएनएवर पडतात, शेजारशेजारचे दोन घटक एकमेकांना चिकटतात. हे बिघडलेलं पाहून पी-५३ हे पहारेकरी प्रथिन जागं होतं. त्याच्या सांगण्यावरून पेशी एक मोठं प्रथिन बनवते, त्याचे तुकडे होतात, आणि त्यातला एक तुकडा शेजारच्या रंगपेशीला ‘मेलॅनिन बनव’ असा निरोप देतो. रंग येतो तो असा, डीएनए मोडल्याच्या निरोपावरून. त्याच मोठ्या प्रथिनाचा दुसरा तुकडा बीटा-एंडॉर्फिन, शरीराचं स्वतःचं अफूसारखं द्रव्य. पुन्हापुन्हा झोपायला जावंसं का वाटतं, याचा एक धागा तिथे सापडतो.

पेशी या बिघाडाची दुरुस्ती करतात, पण सगळी नाही. चुकलेल्या जागी डीएनएच्या लिपीतल्या ‘सी’ ऐवजी ‘टी’ अक्षर बसतं, आणि त्वचेच्या कर्करोगाच्या गाठींत अतिनील किरणांची ही सही जागोजाग सापडते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आणखी विचित्र गोष्ट दिसली. दिवा बंद झाल्यावरही तीन तासांहून जास्त वेळ रंगपेशींत डीएनएचं चिकटणं चालूच राहतं, आणि त्या वेळी ऊर्जा पुरवतं ते खुद्द मेलॅनिन.

आणि एवढं सोसून मिळालेल्या राप-रंगाचं संरक्षण किती? सनस्क्रीनच्या भाषेत तीन-चार एसपीएफ. केवळ यूव्हीएने आलेला रंग तर त्याहूनही पोकळ, कारण यूव्हीबीने त्वचेचा वरचा थर जाड होतो तसा तो यूव्हीएने फारसा होत नाही. सुट्टीवर जाण्याआधी ‘बेस टॅन’ करून घेणं म्हणजे पावसात भिजू नये म्हणून आधी नळाखाली उभं राहणं.

पुराव्याकडे वळताना एक खबरदारी घ्यावी लागते. ल्यों इथल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने, आयएआरसीने, २००९ मध्ये सनबेड पहिल्या गटात टाकले, तंबाखू आणि अॅस्बेस्टॉसच्या रांगेत. लगेच मथळे झळकले की सनबेड सिगारेटइतकेच घातक. हा गट धोका किती मोठा हे सांगत नाही. कर्करोग होतो याची खात्री किती, एवढंच सांगतो. खात्री मात्र पक्की आहे. २०१२ च्या एकत्रित विश्लेषणानुसार आयुष्यात एकदा तरी सनबेड वापरलेल्यांत मेलानोमाचा, म्हणजे रंगपेशींच्या कर्करोगाचा, धोका सुमारे २० टक्क्यांनी जास्त, आणि पस्तिशीच्या आत सुरुवात केलेल्यांत जवळपास ६० टक्क्यांनी. त्याच वर्षीच्या दुसऱ्या विश्लेषणात त्वचेच्या इतर कर्करोगांपैकी स्क्वेमस पेशींचा कर्करोग ६७ टक्क्यांनी आणि बेसल पेशींचा २९ टक्क्यांनी जास्त दिसला. हे टक्के मुळात असलेल्या धोक्यावरचे आहेत. शंभरातल्या साठांना मेलानोमा होतो असा त्याचा अर्थ नव्हे. धंदेवाले या गैरसमजाचा आधी फुगा करून मग तोच फोडून दाखवतात, म्हणून हे बजावून ठेवलेलं बरं.

आकड्यांपेक्षा मला पटणारा पुरावा आइसलँडचा. उन्हासाठी कोणी प्रसिद्ध देश म्हणणार नाही असा. १९८० च्या दशकात तिथे सनबेडची दुकानं झपाट्याने वाढली. नंतर तरुण बायकांमध्ये मेलानोमा वाढला, आणि तोही धडावर, पोट-पाठीवर, जे भाग त्या हवेत एरवी कपड्यांखालीच असतात. पुढे सनबेडचा वापर घटल्यावर धडावरच्या मेलानोमाचं प्रमाणही खाली आलं. उन्हाला दोष द्यायला तिथे जागाच फार थोडी आहे.

‘ड जीवनसत्त्व मिळतं’ हे उत्तर ठरलेलं. ड जीवनसत्त्व त्वचेत बनतं ते यूव्हीबीने, ३०० नॅनोमीटरच्या अलीकडे-पलीकडे. आणि सनबेडमध्ये मुख्य माल यूव्हीएचा. गोळी स्वस्त पडते आणि तिची मात्रा वेष्टनावर छापलेली असते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१० मध्ये टॅनिंग उद्योगाच्या संघटनेला असल्या आरोग्याच्या जाहिराती आवरायला लावल्या. सोरायसिसची किरणोपचार पद्धतही पुढे केली जाते. तिथे ३११ नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्याचे दिवे असतात, मीटरने मोजलेली मात्रा असते, प्रत्येक बैठकीची नोंद होते आणि कधी थांबायचं हे डॉक्टर ठरवतात. पेटीचा आकार सारखा दिसतो, बस.

कायद्यांनी पहिलं धरलं ते वय. फ्रान्सने १९९७ मध्ये अठराच्या आतल्यांना बंदी केली. स्कॉटलंडमध्ये तीच बंदी २००९ पासून, इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१० च्या कायद्याने एप्रिल २०११ पासून. पण इंग्लंडच्या कायद्यात मोठं भगदाड राहिलं: दुकानात माणूस असलाच पाहिजे अशी अट नाही. वेल्स आणि स्कॉटलंडने बिनमाणसाच्या दुकानांना मनाई केली. जिथे नाणं टाकून यंत्र चालू होतं तिथे वय विचारणार कोण? आयर्लंडचा २०१४ चा कायदा मला जास्त चाणाक्ष वाटतो. त्याने वयाबरोबर ‘हॅपी अवर’ आणि ‘कितीही वेळा झोपा’ छापाच्या सवलतींवरही बोट ठेवलं. कारण धोका मात्रेबरोबर वाढतो, आणि सवलत म्हणजे मात्रा वाढवण्याचंच आमंत्रण. अमेरिकेने २०१० मध्ये दहा टक्के कर लावला. तिथल्या औषध प्रशासनाने २०१४ पर्यंत ही यंत्रं सर्वांत कमी धोक्याच्या वर्गात ठेवली होती, जखमेवरच्या चिकटपट्टीच्या शेजारी. मग एक वर्ग वर चढवून काळ्या चौकटीतला इशारा सक्तीचा केला. वयाची बंदी राज्याराज्यांवर सोडलेली. कॅलिफोर्नियाने २०१२ पासून सुरुवात केली.

वयाची अट चुकीची नाही. लहान वयातली सुरुवात जास्त महाग पडते हे वरच्या आकड्यांत दिसतंच. पण अठरावं लागल्याच्या दुसऱ्या दिवशी ०.५६ वॅटचं यंत्र ०.३ चं होत नाही. युरोपीय आयोगाच्या वैज्ञानिक समितीने २०१६ मध्ये सांगून टाकलं की सनबेडच्या माऱ्याला सुरक्षित अशी मर्यादाच नाही. म्हणजे मानकातला ०.३ हा आकडासुद्धा तडजोडीचा.

ब्राझीलने आधी अल्पवयीनांना रोखलं, मग २००९ मध्ये सौंदर्यासाठीच्या सनबेडवर सरसकट बंदी घातली. ऑस्ट्रेलियात वळण आलं ते क्लेअर ऑलिव्हर या मेलबर्नच्या तरुणीमुळे. मेलानोमाने २००७ मध्ये वयाच्या २६ व्या वर्षी ती गेली. जाण्याआधी तिने सोलारियमविरुद्ध, म्हणजे सनबेडच्या दुकानांविरुद्ध, जाहीर मोहीम चालवली. आधी नियम आले, मग २०१५ च्या सुरुवातीपासून बहुतेक राज्यांत धंद्याच्या सनबेडवर बंदी आली आणि वर्षभराने वेस्टर्न ऑस्ट्रेलियातही. बंदी व्यवसायावर होती. घरी यंत्र बाळगणं वेगळं राहिलं, आणि दुकानातली काही यंत्रं गॅरेजमध्ये गेली. ब्राझीलमध्येही चोरून दुकानं चालत राहिली, तेव्हा तिथल्या आरोग्य नियामकाने २०२५ मध्ये थेट ट्यूबवर हात घातला: टॅनिंगच्या ट्यूब बनवणं, आणणं, साठवणं, विकणं बंद. हे मला मर्मावर बोट ठेवणं वाटतं. लोखंडी पेटी वीस वर्षं टिकते, ट्यूब हजार तासांत संपते.

ज्यांनी पूर्वी सनबेड वापरला आहे त्यांनी त्वचाविकारतज्ज्ञाला तीन गोष्टी आपणहून सांगाव्यात: पहिल्यांदा कितव्या वर्षी, अंदाजे किती बैठका, आणि किती वेळा भाजलं. घरी महिन्यातून एकदा चांगल्या उजेडात, मोठ्या आरशासमोर हातातला आरसा धरून पाठ, कुल्हे, मांड्यांचा मागचा भाग बघायचा. तिळाचे दोन अर्धे जुळत नाहीत, कडा फाटक्या आहेत, एकाच तिळात दोन-तीन रंग आहेत, सहा मिलिमीटरपेक्षा मोठा आहे, किंवा बदलतो आहे: यातलं शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं. बाकीच्या तिळांच्या घोळक्यात एकटाच वेगळा दिसणारा तीळही दाखवून घ्यावा. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून फोटो काढला तर ‘वाढलाय का’ यावर वाद राहत नाही. झपाट्याने वर येणारी, टणक, गुलाबी गाठ या नियमांत बसत नाही. तिच्यासाठी दोन-तीन आठवड्यांहून जास्त थांबू नये. सावळ्या त्वचेच्या माणसांनी तळपाय, तळहात आणि नखाखालची काळी रेघही बघावी. तिथला मेलानोमा अतिनील किरणांमुळे होत नाही, पण उशिरा सापडतो तो तोच. मेलानोमाची खोली मिलिमीटरमध्ये मोजतात, आणि एक मिलिमीटरच्या आत सापडलेला बहुतेकदा नुसत्या शस्त्रक्रियेने सुटतो.

रंगच हवा असेल तर डायहायड्रॉक्सीअॅसिटोनचा फवारा किंवा लोशन आहे. ते त्वचेच्या मेलेल्या वरच्या थरातल्या अमिनो आम्लांशी जुळून तपकिरी होतं आणि पाच-सात दिवसांत त्या थराबरोबर झडून जातं. उन्हापासून संरक्षण त्यात जवळजवळ शून्य, सनस्क्रीन वेगळं लावावंच लागतं. नाकात मारायचे किंवा टोचून घ्यायचे ‘मेलानोटन’ या त्वचा गडद करणाऱ्या द्रव्याचे विनापरवाना फवारे आणि इंजेक्शनं हे वेगळं प्रकरण, त्यांच्या वाटेला जाऊ नये.

आणि घरात जुना सनबेड पडून असेल तर तो जुन्या वस्तूंच्या बाजारात कुणाच्या गळ्यात मारू नये. आधी प्लग काढायचा, मग अॅक्रिलिकचा पत्रा उचलून एकेक ट्यूब पाव वळसा फिरवून सोडवायची आणि अखंड, पुठ्ठ्यात गुंडाळून ई-कचऱ्याच्या संकलनाला द्यायची. आत पारा आहे. एखादी फुटलीच तर खिडक्या उघडून पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबायचं, व्हॅक्यूम क्लीनर लावायचा नाही, तुकडे जाड कागदाने गोळा करायचे आणि उरलेली पावडर चिकटपट्टीने टिपून सगळं झाकणाच्या बरणीत घालायचं.